सुईआधी वही काढा

महोदय,

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘अर्धशिशी तीन सिटिंगमध्ये मुळासकट बंद’ अशा मजकुराच्या ओळी वरचेवर दिसतात. आम्ही स्वतः ॲक्युपंक्चर करतो आणि जुनाट डोकेदुखीत या उपचाराचा उपयोग होतो, असे आमचे ठाम मत आहे. म्हणूनच या ओळी वाचल्या की वाईट वाटते. तीन सिटिंग पुरत नाहीत. ‘मुळासकट’ हा शब्द अर्धशिशीला लागूच होत नाही. ती शरीराची प्रवृत्ती आहे, बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून आलेली. कमी करता येतात ते तिचे झटके. रुग्ण मोठ्या आशेने येतो, चौथ्या दिवशी पुन्हा डोके धरून बसतो आणि ‘सुयांनी काही होत नाही’ असे ठरवून टाकतो. खरे तर त्याचा उपचार अजून सुरूही झालेला नसतो.

जुनाट डोकेदुखी म्हणजे महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ दुखणारे डोके. यात मुख्य प्रकार दोन. एक अर्धशिशीचा. बहुधा एका बाजूला ठसठस, जिना चढला की वाढणारी, मळमळ, उजेड नको, आवाज नको. उपचार न केल्यास झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. दुसरा प्रकार ताणाचा. दोन्ही बाजूंना घट्ट पट्टा आवळल्यासारखे वाटते, मान आणि खांदे आंबलेले असतात, पण माणूस काम करत राहू शकतो. अनेकांत दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे तो ‘पित्ता’चा. डोके चढले, उलटी झाली, मग बरे वाटले, की पित्त पडले असे म्हणून विषय संपतो. उलटीनंतर उतरणारी ही डोकेदुखी पुष्कळदा सरळ अर्धशिशी असते. वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या खाऊन ती थांबत नाही, याचे कारण तेच.

म्हणून पहिल्या भेटीत आम्ही सुईला हात लावत नाही. वही काढायला सांगतो. साधी दोनशे पानी वही, एका पानावर एक महिना, एकतीस ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, दुखले की नाही, किती वाजता सुरू झाले, किती तास टिकले, शून्य ते दहापैकी किती, कोणती गोळी किती घेतली, पाळी, झोप, आणि त्या दिवशी कुठले जेवण चुकले. न दुखलेल्या दिवशीही ओळ भरायची, ‘नाही’ एवढे लिहायचे. रिकामी ओळ म्हणजे दुखले नाही की लिहायचे राहिले, हे महिन्याने कुणालाच सांगता येत नाही. रात्री झोपताना लिहावे. आठवड्याचे एकदम लिहायला बसले की वाईट दिवस तेवढे आठवतात आणि चांगले गळतात.

ही वही किमान चार आठवड्यांची हवी. त्यामागे कारण आहे. डोकेदुखी आपणहून कमी-जास्त होत असते आणि माणूस उपचाराला येतो तो सगळ्यात वाईट महिन्यात. त्यानंतरचा महिना काहीही न करता थोडा बरा जाण्याचीच शक्यता जास्त. त्या आपोआपच्या उताराचे श्रेय सुईने घ्यायचे नसेल, तर आधीचे आकडे कागदावर असायला हवेत. ‘आता कसं वाटतंय?’ या प्रश्नाला समोरचा माणूस संकोचाने ‘बरंय’ म्हणतो. वही संकोच करत नाही.

वहीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना गोळीचा. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी साधी वेदनाशामके महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस. आणि दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या, एर्गोटामिनच्या गोळ्या, ट्रिप्टान (ही दोन्ही अर्धशिशीच्या झटक्यावरची औषधे) किंवा अफूवर्गीय औषधे दहा किंवा अधिक दिवस. असे तीन महिन्यांहून जास्त चालले, की गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. इथे दिवस मोजायचे, गोळ्या नव्हे. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारी डोकेदुखीची लोकप्रिय गोळी बहुधा मिश्र असते, त्यात कॅफीन असते. त्यामुळे तिची मर्यादा दहा दिवसांची, पंधराची नाही. हे दुकानदार सांगत नाही आणि घेणाऱ्याला ती ‘साधी’ वाटते. सकाळी उठताच डोके जड, चहा आणि गोळी, दुपारपर्यंत बरे, संध्याकाळी पुन्हा दुसरी, असा दिनक्रम वहीत दिसला की आम्ही ओळखतो. अशा रुग्णाला नुसत्या सुया टोचून फारसे हाती लागत नाही. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद करावी लागते आणि बंद केल्यावर दोन ते दहा दिवस डोके आधीपेक्षा जास्त दुखते, मळमळते, झोप लागत नाही. याची कल्पना आधी दिली नाही, तर रुग्ण तिसऱ्या दिवशी पुन्हा पाकीट फोडतो. याच काळात आठवड्यातून दोन-तीन सिटिंग ठेवल्या तर दिवस काढायला मदत होते, असा आमचा अनुभव आहे. अफूवर्गीय गोळ्या मात्र एकदम तोडू नयेत. प्रोप्रानोलॉल, टोपिरामेट, ॲमिट्रिप्टिलिन ही झटके टाळण्यासाठी रोज घ्यायची औषधे तर सुया सुरू झाल्या म्हणून कुणीही स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. प्रोप्रानोलॉल अचानक सोडले तर छातीत धडधड होते, हृदयविकार असलेल्यांना धोका असतो. ॲक्युपंक्चरच्या नोंदणीवर आधुनिक औषधे लिहून देता येत नाहीत आणि बंदही करता येत नाहीत. तो निर्णय औषध देणाऱ्या डॉक्टरचा.

काही डोकेदुख्यांत सुई घेणे म्हणजे वेळ दवडणे, आणि तो वेळ जिवावर बेतू शकतो. क्षणार्धात शिगेला पोचलेली, ‘आयुष्यात अशी कधी दुखली नव्हती’ अशी डोकेदुखी. तापाबरोबर आखडलेली मान. बोलणे अडखळणे, हात-पाय लुळा पडणे, दुहेरी दिसणे, फिट. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. खोकताना-वाकताना फुटेल असे वाटणारे, किंवा पहाटे उलटीने जागे करणारे आणि आठवड्यागणिक वाढत जाणारे. लाल डोळा, अंधुक नजर आणि दिव्याभोवती वलये, म्हणजे काचबिंदूचा झटका असू शकतो. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, कानशील हाताला दुखणारी आणि चावताना जबडा थकवणारी डोकेदुखी, हिच्यात नजर जाण्याचा धोका असतो आणि रक्ततपासणी त्याच दिवशी हवी. गरोदरपणात डोके दुखू लागले की आधी रक्तदाब मोजायचा. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतली नवी डोकेदुखी ‘जागरणाची’ म्हणून सोडून देऊ नये. मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. यांपैकी काहीही असेल तर ॲक्युपंक्चर करणाऱ्याने सुई न उघडता चिठ्ठी लिहून रुग्णाला रुग्णालयात पाठवले पाहिजे. जो हे प्रश्न विचारतच नाही, त्याच्याकडून सुई घेऊ नये.

आता प्रत्यक्ष सिटिंग. रुग्णाने उपाशी येऊ नये आणि भरल्या पोटीही येऊ नये. तास-दीड तास आधी हलके खाल्लेले असावे. पहिली सिटिंग नेहमी झोपवून करायची. खुर्चीत बसवून, मान पुढे टाकून सुया लावण्याची घाईची पद्धत अनेक ठिकाणी दिसते आणि भोवळ येण्याचे प्रसंग तिथेच जास्त घडतात. सुई स्टीलची, निर्जंतुक, एकदाच वापरायची. पाकीट रुग्णासमोर फोडायचे आणि त्यावरची मुदत रुग्णाने वाचायला मागितली तर दाखवायची. हातापायांना आणि मानेला साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीची, २५ किंवा ४० मिलिमीटर लांबीची सुई. कपाळाला आणि कानशिलाला त्याहून बारीक, ०.२० मिलिमीटरची, अर्ध्या इंचाची. रक्त काढण्याची सुई याच्या दुपटीहून अधिक जाड असते, शिवाय ती पोकळ आणि धारदार कापाची. म्हणून इंजेक्शनची भीती असलेल्यांनाही ही सुई बहुधा सोसते. कातडी सत्तर टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून वाळू द्यायची. ओल्यावर टोचले की चरचरते आणि रुग्णाला वाटते सुईच दुखली.

बिंदू कोणते? आमच्या आपसातल्या बोलण्यात जीबी २०, एलआय ४ असे क्रमांक असतात. चिनी नावे फेंगची, हगू. अंतर मोजायचे माप रुग्णाच्याच अंगावर असते: त्याच्या अंगठ्याची पेरापाशी असलेली रुंदी म्हणजे एक त्सुन, चार बोटे जुळवून धरली की तीन. कानशिलाच्या बाजूने दुखत असेल तर कानशिलावरचा ताइयांग, कानाच्या टोकापासून दीड त्सुन वर केसांतला बिंदू, मनगटाच्या मागच्या घडीपासून दोन त्सुन वर हाताच्या मागच्या बाजूचा वायग्वान, आणि पायाच्या चौथ्या-पाचव्या बोटांच्या हाडांमधला बिंदू. कपाळ दुखत असेल तर भुवयांमधला यिनतांग आणि अंगठा-तर्जनीमधला हगू. मागून चढत असेल तर डोक्याच्या मागच्या हाडाखालचा फेंगची आणि त्याच्या आतल्या बाजूचा तियानझू. माथा जळत असेल तर टाळूवरचा बाइहुई आणि पायाच्या पहिल्या-दुसऱ्या बोटांच्या हाडांमधला ताइछोंग. याखेरीज बोटाने दाबत गेल्यावर रुग्ण जिथे ‘हां, हेच!’ म्हणतो ती दुखरी जागा. ताणाच्या डोकेदुखीत मान-खांद्यातल्या या गाठी पुस्तकातल्या बिंदूंपेक्षा जास्त काम करतात, असे आम्हाला वाटते. एका वेळी आठ ते सोळा सुया पुरतात. तीस-चाळीस सुया लावणे म्हणजे जास्त उपचार नव्हे.

फेंगची जरा बारकाईने सांगतो, कारण डोकेदुखीत सर्वांत जास्त वापरला जाणारा बिंदू हाच आणि चुकला तर सर्वांत धोक्याचाही हाच. डोक्याच्या मागच्या हाडाची कड बोटाने चाचपत खाली यावे. मानेच्या मधल्या जाड स्नायूच्या आणि कानामागून तिरका खाली उतरणाऱ्या स्नायूच्या मध्ये एक खळगा लागतो. जुनाट डोकेदुखीत तो दाबला की डोळ्यामागे कळ जाते. सुईचे टोक नाकाच्या शेंड्याच्या दिशेने, किंचित खाली झुकलेले, आणि खोली अर्धा ते एक त्सुन. सडपातळ मानेत अर्धाच. टोक वर आणि आत वळवून खोल नेले तर समोर मज्जारज्जूचे तोंड आणि मानेच्या कण्यातून मेंदूकडे जाणारी धमनी असते. म्हणून या जागी सुई वर रोखून घालायची नाही आणि सुई आत असताना रुग्णाने मान हलवायची नाही.

नळीतून टिचकी मारून सुई कातडीत तीन-चार मिलिमीटर जाते, मग नळी काढून ती हळूहळू खोल नेतात. योग्य जागी पोचली की रुग्णाला जडपणा, दाटल्यासारखे, मुंग्या किंवा दूरवर पसरणारी बोथट कळ जाणवते. चिनी भाषेत याला ‘दछी’ म्हणतात. टोचणाऱ्याच्या बोटांनाही मऊ ओढ लागते, मासा गळाला लागल्यासारखी. झोंबणारी, आगीसारखी किंवा विजेसारखी वेदना ही चांगली खूण नव्हे. सुई शिरेला किंवा नसेला लागलेली असते, ती मागे घ्यावी. रुग्णाने सहन करत राहू नये, लगेच बोलावे. सुया वीस ते तीस मिनिटे ठेवतात. कधी दोन सुयांना विजेचे सौम्य स्पंदन जोडतात. पेसमेकर असलेल्याला ते जोडायचे नाही.

काय बिघडू शकते? बहुतेक वेळा किरकोळ. सुई काढल्यावर रक्ताचा थेंब, किंवा कानशिलावर निळा डाग जो आठवडाभर राहतो. ताइयांगच्या खाली शिरांचे जाळे आहे, म्हणून तिथे सुई काढून कोरड्या बोळ्याने मिनिटभर नुसते दाबायचे, चोळायचे नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. भोवळ आली, चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, तर सगळ्या सुया काढून पाय उंच करायचे, मग पाणी आणि साखर. सुई अडकली म्हणजे स्नायू आवळलेला असतो. ती ओढायची नाही. भोवती हलके थोपटायचे, दोन मिनिटे थांबायचे किंवा जवळच दुसरी सुई घालायची, मग ती सुटते. केसांतली सुई विसरणे ही हमखास होणारी चूक आहे. काळ्याभोर केसांत बारीक दांडी दिसत नाही आणि रुग्ण घरी जाऊन उशीवर डोके टेकतो तेव्हा कळते. त्यावर उपाय साधा: टोचताना कागदावर ‘१२’ लिहायचे, काढताना रुग्णासमोर मोठ्याने मोजायचे. वापरलेल्या सुया २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात जातात. तो डबा खोलीत दिसला पाहिजे.

गंभीर गोष्ट एकच ठळक सांगायची आहे. खांद्याच्या माथ्यावर, मान आणि खांद्याच्या टोकाच्या मधोमध जियानजिंग नावाचा बिंदू आहे. मान आखडलेल्या माणसाला तिथे सुई घेतल्यावर फार सुटल्यासारखे वाटते, म्हणून तो हमखास वापरला जातो. त्याच्या खाली फुप्फुसाचा शेंडा आहे. सरळ खाली खोल सुई गेली तर फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा भरते. स्नायू चिमटीत उचलून, सुई अर्ध्या त्सुनाच्या आतच, आडवी ठेवायची, आणि शिकाऊ हातांनी हा बिंदू सोडून द्यायचा. सिटिंगनंतर काही तासांनी छातीत टोचू लागले, श्वास अपुरा पडू लागला, कोरडा खोकला आला, तर रात्रीची वाट पाहू नये. रुग्णालयात जाऊन ‘आज खांद्यावर सुया घेतल्या होत्या’ असे सांगून एक्स-रे काढावा. हे किती क्वचित होते? जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यात सुमारे ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, बहुतेक रक्त येणे किंवा निळे पडणे. फुप्फुसाला छिद्र पडण्याचे प्रसंग दोन. प्रमाण नगण्य आहे, पण ते प्रशिक्षित डॉक्टरांच्या हातचे आहे, हे विसरता येत नाही.

किती सिटिंग लागतील, हा प्रत्येकाचा पहिला प्रश्न. आठवड्यातून दोनदा असे तीन-चार आठवडे, मग आठवड्यातून एकदा, एकूण दहा ते बारा. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१२ची मार्गदर्शिका ताणाच्या जुनाट डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंग सुचवते, आणि अर्धशिशीत प्रोप्रानोलॉल व टोपिरामेट चालत नसतील किंवा गुण देत नसतील तेव्हा तेवढ्याच. चीनमधल्या चाचण्यांत चार ते आठ आठवड्यांत वीस सिटिंग दिल्या जातात. पंधरा दिवसांतून एकदा, सवड मिळेल तशी सुई घेऊन काही निष्पन्न होत नाही. पहिल्या दोन-तीन सिटिंगनंतर त्याच रात्री डोके थोडे वाढू शकते, त्याने घाबरू नये. सहाव्या सिटिंगला वही उघडायची आणि दुखण्याचे दिवस, तास आणि गोळ्यांचे दिवस आधीच्या महिन्याशी ताडून पाहायचे. निम्म्यावर आले तर उत्तम. एक-तृतीयांशाने कमी झाले तरी रोज दुखणाऱ्या माणसासाठी ते मोठे आहे. पुढे चालू ठेवावे. आठ सिटिंगनंतर आकडे जागचे हलले नसतील, तर आमच्या मते थांबावे आणि रुग्णाला तसे स्पष्ट सांगावे. ‘अजून दहा घ्या’ म्हणू नये. वीस सिटिंगचे पैसे आधीच भरून घेणारे पॅकेज रुग्णाने घेऊ नये, ते एवढ्यासाठी.

झटका ऐन भरात असताना सुई हा पहिला उपाय नव्हे. डॉक्टरांनी दिलेली गोळी झटक्याच्या सुरुवातीलाच, पुऱ्या मात्रेत घ्यावी आणि अंधाऱ्या खोलीत पडावे. अशा वेळी कुणी आलेच, तर आम्ही डोक्याला हात लावत नाही, हातापायांच्या चार सुयांवर थांबतो. गरोदर स्त्रीला हगू आणि घोट्याच्या वरचा सानयिनजियाव हे बिंदू परंपरेने वर्ज्य आहेत, आणि आम्ही ते पाळतो.

आता पुराव्याचे. ब्रिटनमध्ये ४०१ रुग्णांवर झालेली चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांत बारापर्यंत सिटिंग मिळालेल्यांचा डोकेदुखीचा गुणांक वर्षअखेर ३४ टक्क्यांनी उतरला, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा १६ टक्क्यांनी. वर्षाला सुमारे २२ दिवस कमी दुखले. मात्र तिच्यात खोट्या सुयांचा गट नव्हता. तो जर्मनीत होता. ९६० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी अर्धशिशीचे दिवस खऱ्या सुयांनी महिन्याला २.३ने, बिंदू सोडून वरवर टोचलेल्या सुयांनी १.५ने आणि औषधांनी २.१ने कमी झाले. हे फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरले नाहीत. २०१६ साली कोक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात बावीस चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या: झटके निम्म्यावर येणाऱ्यांचे प्रमाण खऱ्या सुयांत ५० टक्के, खोट्यांत ४१ टक्के, काहीच न करणाऱ्यांत सुमारे १७.

हे आकडे आमच्या व्यवसायाला अडचणीचे आहेत आणि ते लपवू नयेत. खरी सुई आणि खोटी सुई यांतले अंतर आहे, पण थोडे. सुई घेणे आणि न घेणे यांतले अंतर मोठे. जर्मन चाचण्यांतली खोटी सुईही खरोखर कातडीत जात होती, म्हणून ती निव्वळ साखरेची गोळी नव्हती, असे आम्ही म्हणू शकतो. तरी त्यातून एक गोष्ट मान्य करावीच लागते: नेमका बिंदू आम्हाला शिकवला गेला तितका निर्णायक नाही. रुग्णाची निवड, नियमितपणा, अर्धा तास स्वस्थ पडून राहणे, गोळ्यांची मोजणी, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. जर्मनीच्या सरकारी आरोग्य विम्याने २००७पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च द्यायला सुरुवात केली. डोकेदुखीला दिला नाही, कारण तिथे सुई औषधांपेक्षा सरस ठरली नाही. आमचे म्हणणे इतकेच की, औषधाच्या तोडीचा गुण आणि त्रास कमी, हे ज्याला टोपिरामेटने मुंग्या येतात किंवा दम्यामुळे प्रोप्रानोलॉल चालत नाही त्याच्यासाठी फार मोलाचे आहे.

सुयांच्या जोडीला वहीतून दिसणारी कारणेही सोडवावी लागतात. आपल्याकडे ठळक दिसतात ती उपवास, ऊन आणि जागरण. संकष्टीला चंद्रोदय रात्री आठ-नऊच्या पुढे, सकाळपासून चहावर राहिलेल्या बाईचे डोके संध्याकाळी पाचला चढते, आणि वहीत ते दर महिन्याला त्याच तिथीला दिसते. उपवास सोडा असे आम्ही सांगत नाही. दर तीन तासांनी दूध, फळ किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि दिवसभर पाणी, एवढ्याने त्या दिवसाची ओळ कितीदा तरी ‘नाही’ होते.

सुई कोण टोचतो, हेही पाहावे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे आपल्याला या विद्येबद्दल जवळीक वाटते. पण कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शल्यविशारद म्हणून आणि १९४२ साली तिथेच वारले. भारतात ॲक्युपंक्चर आणले ते त्यांच्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनी, १९५९ साली. पश्चिम बंगालने यासाठी कायदा केला १९९६ साली, महाराष्ट्राचा कायदा २०१५चा. त्याखाली परिषद आहे आणि नोंदणी आहे. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून मानेत सुई घालणारे हात अजूनही आहेत.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. ॲक्युपंक्चरची जाहिरात स्वीकारताना जाहिरातदाराकडून नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि तो जाहिरातीत छापावा. ज्याच्याकडे तो नसेल त्याची जाहिरात घेऊ नये, आणि ज्याच्याकडे असेल त्याचीही ‘मुळासकट’ ही ओळ काढून टाकावी.

आपले,
ॲक्युपंक्चर करणारे काही चिकित्सक, पुणे